गृहपाठाची तहान

गृहपाठाची वही उघडली की मला तहान लागायची. साताऱ्यात आमच्या घरी माठ स्वयंपाकघरात आणि माझी सतरंजी बाहेरच्या खोलीत. शुद्धलेखनाच्या दहा ओळींना मी पाच वेळा पाणी पीत असे. मग ओघानंच परसात जावं लागे आणि तिथून अजिंक्यतारा दिसे. किल्ला पाहिला म्हणजे इतिहासाचा अभ्यास झाला, असा माझा दावा. आई म्हणायची, "गधड्या, तो वहीत लिहायचा असतो!"

पुढे बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि बदलीवर सांगलीला आलो. तहानही सोबत आली. हल्ली ती चिरंजिवांना लागते. दिवाळीच्या सुट्टीत त्याला दोन दिनविशेषांवर दहा-दहा ओळी लिहायच्या होत्या. 5 नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन आणि 7 नोव्हेंबर, विद्यार्थी दिन. पहिला सांगलीचा, दुसरा साताऱ्याचा. म्हणजे आमच्या बदलीचा हुकूमच म्हणा ना!

सांगली सोयीची निघाली. विष्णुदास भाव्यांना गोष्टी रचण्याचा आणि लाकडी बाहुल्या करण्याचा नाद होता, हे ऐकून चिरंजीव खूश झाले. "म्हणजे तेही अभ्यास सोडून...?"

"थांब," मी घाईनं म्हणालो. "कर्नाटकातून भागवत मंडळी आली. त्यांचे खेळ पाहून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी विष्णुदासांना सांगितलं, असं काही मराठीत कर. राजानंच घातलेला गृहपाठ! त्यांनी 1843 मध्ये 'सीतास्वयंवर' करून दाखवलं. नाद वेगळा, टाळाटाळ वेगळी."

बोलून गेलो आणि माझं मलाच लागलं. इतकी वर्षं अभ्यास टाळला, पण त्या वेळात माझ्या हातून एक बाहुली झाली नाही. 5 तारीख भाव्यांची, 7 तारीख विद्यार्थ्याची. मधली 6 माझी. ना नाटक, ना अभ्यास.

एवढ्यात चिरंजीव चौथ्यांदा पाण्याला उठले. मी तसाच साताऱ्याला वळलो.

7 नोव्हेंबर 1900. राजवाड्यातल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, नऊ वर्षांच्या भीमरावांचं नाव दाखल झालं. 2017 पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. पण बाबासाहेबांना वर्गात वेगळं बसावं लागे, तेही घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तसंच.

त्या शाळेवरून मी लहानपणी रोज जात असे. पोटात पाच पेले पाणी आणि वही कोरी.

चिरंजीव भरलेला तांब्या हातात धरून उभा होता. प्यावं की ठेवावं, त्याला कळेना.

"पी रे," मी म्हटलं. "पाणी पिण्यात पाप नाही. पण मग लिहायला बस."

तो बसला. मीही कपाटावरून पदोन्नतीच्या परीक्षेचं पुस्तक काढलं. त्यावर सहा दिवाळ्यांची धूळ होती. ती पुसायला फडकं आणावं, असं फार मनात आलं, पण हातानंच झटकली.

थोड्या वेळानं सौ. दारातून डोकावली. दोघंही मान खाली घालून गप्प बसलेले पाहून तिच्या चेहऱ्यावर काळजी उमटली.

"काय झालंय दोघांना?" तिनं विचारलं. "पाणी आणू का?"