सेवकाच्या घरची चूल

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत तुम्हीही काही लिहा, असे चिटणीसबाई म्हणाल्या तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याचा प्रसंग वाणसामानाच्या यादीपलीकडे फारसा येत नाही. परंतु दुपारी कामे आटोपली की वाचनालयातून आणलेले पुस्तक घेऊन बसण्याची मला जुनी सवय आहे. त्यातही थोरामोठ्यांची चरित्रे फार आवडतात. त्या वाचनातूनच सुचलेल्या चार गोष्टी येथे मांडते. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

आधी हा विषय मनात का आला ते सांगते. आपल्या मंडळाच्या काही जणी दूरच्या वाड्यांवर शिवणाचे व साक्षरतेचे वर्ग घेतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. कोणी एका दिशेला जाते, कोणी दुसऱ्या. महिना महिना एकमेकींची गाठ पडत नाही. यांपैकी एक बाई मध्यंतरी एकाएकी जायच्या थांबल्या. “पहिला उत्साह संपला, दुसरे काय!” असे आम्ही बोललो. मीही बोलले. पुढे संक्रांतीचे हळदीकुंकू द्यायला त्यांच्या घरी गेले तेव्हा खरा प्रकार कळला. यजमानांचे काम सुटले होते. एस.टी.ला बायकांना अर्धे तिकीट असूनही तेवढे पैसे दर आठवड्याला बाजूला काढणे त्यांना जमत नव्हते. “मंडळाकडे का नाही मागितले?” असे विचारले तर म्हणाल्या, “अहो, सेवेला जायचे आणि भाडे मागायचे, ते कसे दिसेल?” मी मान खाली घालून परत आले.

तेव्हापासून चरित्र वाचायला घेतले की माझे लक्ष आधी एकाच गोष्टीकडे जाते. ही माणसे लोकांसाठी झिजली हे खरे, पण त्यांच्या घरी पीठ कोण आणत होते? आणि सोबत्यांनी एकमेकांच्या चुलीची काळजी कशी घेतली?

पुण्यात १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व त्यांचे सहकारी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढल्या वर्षी गोपाळ गणेश आगरकर एम.ए. होऊन त्यांना येऊन मिळाले. त्या काळी एम.ए. झालेल्या माणसाला सरकारात मोठ्या पगाराची जागा सहज मिळाली असती. आगरकरांची आई गरिबीत दिवस काढीत होती. मुलगा शिकला, आता दिवस पालटतील, अशी तिची आशा असणारच. आगरकरांनी मात्र तिला पत्र लिहून कळविले की पोटापुरत्या पैशावर समाधान मानून मी लोकहितासाठी वेळ घालवणार आहे. हे पत्र महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. मुलाच्या त्यागाने आपला ऊर भरून येतो. मला त्या माउलीचीही आठवण येते. त्याग एकाने केला, परंतु त्याचे ओझे दोघांनी उचलले.

१८८४ साली या मंडळींनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली व १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज निघाले. जे तेथे जन्मभर काम करणार ते आजीव सदस्य. पगार बेताचा घ्यायचा आणि सर्वांनी एका पायरीवर राहायचे, अशी रीत ठरली. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी दरमहा ७५ रुपयांवर तेथे वर्षानुवर्षे काढली. कोणी कोणाहून मोठा नाही आणि सगळ्यांचा शिधा एका कोठारातला, असेच ते एक कुटुंब होते म्हणा ना.

परंतु एकत्र कुटुंबात जे होते तेच येथे झाले. आरंभी सगळे तरुण होते, गरजा थोड्या होत्या. मग संसार वाढले, मुलेबाळे झाली. कोणाच्या घरी खाणारी तोंडे जास्त, कोणाच्या घरी कमी. पगार थोडा वाढवावा असे काहींना वाटू लागले. कोणी पुस्तके लिहून चार पैसे मिळवू लागला, कोणी बाहेरचे काम पत्करले. टिळकांचे म्हणणे असे की, ज्याने आपले आयुष्य संस्थेला दिले त्याचा सगळा वेळ संस्थेचा आणि त्याची जास्तीची मिळकतही संस्थेची. इतरांचे म्हणणे असे की, नेमून दिलेले काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा. १८९० साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा हा वाद विकोपाला गेला आणि त्या वर्षाच्या अखेरीस टिळक संस्थेतून बाहेर पडले. टिळक आणि आगरकर यांच्यात सामाजिक सुधारणेवरून मतभेद होते हे आपण शाळेत शिकतो. परंतु संस्था सोडण्याचे कारण बरेचसे या पैशाच्या व वेळेच्या प्रश्नात होते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

यात चूक कोणाची हे ठरवण्याचा मला अधिकार नाही. ज्यांनी आपले सर्वस्व दिले होते त्यांच्यात लोभी कोणीच नव्हते. मला दिसते ते इतकेच की, स्नेह होता तोवर नियमाची गरज कोणाला वाटली नाही, आणि नियमाची गरज वाटली तेव्हा स्नेह आटला होता. आगरकर तर १८९५ साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी एका पुरचुंडीत बांधून ठेवले होते, अशी आठवण सांगतात. ती वाचताना डोळ्यांत पाणी येते. पण पुरचुंडी सोडणाऱ्या यशोदाबाईंच्या पुढ्यात उद्याचा दिवस होता, हाही विचार मनात येतोच.

याच फर्ग्युसन कॉलेजात १८९१ साली धोंडो केशव कर्वे गणिताचे प्राध्यापक म्हणून आले. १८९३ साली त्यांनी विधवा गोदूबाईंशी विवाह केला. त्याच पुढे सर्वांच्या बाया कर्वे झाल्या. १८९६ साली अण्णांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुण्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा आश्रम शहराबाहेर न्यायचे ठरले. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन दिली व १९०० साली तेथे एक साधी झोपडी उभी राहिली. आज कर्वेनगरात उभे राहिले तर खरे वाटणार नाही, पण त्या वेळी ते शहरापासून चार मैलांवरचे रान होते. अण्णा दिवसा कॉलेजात शिकवीत आणि संध्याकाळी चालत हिंगण्याला जात. पावसाळ्यात तो रस्ता चिखलाचा.

अण्णा आपल्या मिळकतीतला व शिलकीतला पैसाही आश्रमात घालीत. घरी संसार सांभाळायचा तो बायांनी. त्यांच्या “माझे पुराण” या आत्मचरित्रात ही दुसरी बाजू वाचायला मिळते. नवरा जगाचा झाला म्हणून मुलांची पोटे भरायची थांबत नाहीत. बाया स्पष्ट बोलणाऱ्या होत्या म्हणून ही बाजू आपल्याला कळली. न बोलणाऱ्या किती असतील!

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरी एक मुलगा. आश्रमात शिकून त्या तेथेच काम करू लागल्या. पुढे आश्रमासाठी वर्गणी जमवण्याकरिता त्या गावोगाव एकट्या हिंडल्या. १९१८ साली, वय पन्नाशीकडे झुकलेले असताना, त्या इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी आपले पोट भरले, आणि १९२० साली परत आल्या. इतक्या दूर एकटी बाई जाऊ शकली याचे कौतुक सगळे करतात. पण पाठीमागे हिंगण्याला आपली माणसे आहेत, आपण आजारी पडलो, रिकाम्या हाताने परतलो तरी तेथे दोन घास मिळतील, हा आधार मनाशी असल्यावाचून असे धाडस होत नाही, असे मला वाटते.

एकट्या माणसाच्या त्यागावर संस्था फार दिवस चालत नाही, हे अण्णांनी ओळखले. १९०८ साली त्यांनी निष्काम कर्ममठ स्थापन केला. मठात येणाऱ्याने शपथ घ्यायची ती अशी, की मी आपले आयुष्य या कामाला देईन, स्वतःच्या लाभाकडे पाहणार नाही, आणि माझ्यावर अवलंबून असणाऱ्या माणसांसाठी बहुमताने जी तरतूद ठरेल तिच्यात कुरकुर न करता समाधान मानीन. यातली शेवटची अट नीट वाचावी. घरच्या माणसांचा उल्लेख शपथेतच आहे, आणि त्यांना काय द्यायचे ते सर्वांनी मिळून ठरवायचे आहे.

अण्णांच्या आधी तीन वर्षे, १९०५ साली, गोखल्यांनी पुण्यातच भारत सेवक समाज काढला होता. तेथे सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च करणार नाही, आणि समाज माझ्यासाठी व माझ्या कुटुंबासाठी जी व्यवस्था करील तिच्यात संतोष मानीन, ही त्यांतली एक. हे सेवक देशभर कोठे कोठे विखुरलेले असत. कोणी दुष्काळात, कोणी जत्रेत, कोणी मजुरांच्या वस्तीत. ज्या प्रश्नावरून १८९० साली सोबत्यांची ताटातूट झाली, त्याचे उत्तर गोखल्यांनी पहिल्याच दिवशी कागदावर घातले. ती ताटातूट त्यांनी जवळून पाहिली होती.

आपले मंडळ काही एवढे मोठे नाही. आपण कोणी आयुष्य वाहिलेले नाही. घरचे सांभाळून आठवड्यातले चार तास देतो इतकेच. तरीसुद्धा गोष्ट तीच आहे. आपण आपसांत भिशी चालवतो, अडीअडचणीला उसने देतो. परंतु मागावे लागते तेथे मानी बाई मागत नाही. ती घरी बसते आणि आपण म्हणतो, उत्साह संपला.

म्हणून या वर्षी माझी एक सूचना आहे. वाडीवर जाणाऱ्या प्रत्येकीला जाण्यायेण्याचे भाडे मंडळाने द्यावे, आणि ते सर्वांना द्यावे. जिला गरज नाही तिनेही घ्यावे. वाटल्यास नंतर पेटीत टाकावे, पण आधी घ्यावे. म्हणजे घेणारी कोण आणि न घेणारी कोण हा भेद उरणार नाही. दुसरे, भिशीच्या प्रत्येक पाळीतून थोडी रक्कम बाजूला काढून आजारपणासाठी व काम सुटलेल्या घरासाठी ठेवावी. किती द्यायचे आणि केव्हा द्यायचे ते आजच, सगळ्या हसतखेळत असताना, वहीत लिहून ठेवावे. तिसरे, जी दोन आठवडे आली नाही तिच्याविषयी बोलण्याआधी तिच्या घरी जाऊन यावे. हा तिसरा नियम मी माझ्यासाठीच लिहिला आहे.

त्या बाई आता पुन्हा वाडीवर जातात. त्यांच्या यजमानांना काम मिळाले म्हणून जातात. त्यात आपला काही वाटा नाही. पुढल्या वेळी असावा, एवढीच इच्छा.