पेव की कणग्या?

आमच्या धाराशिवकडे पूर्वी धान्य साठवण्याच्या दोन तऱ्हा होत्या. एक जमिनीत खोदलेले पेव. साठा मोठा, पण तोंड एकच. दुसरी घरोघरच्या कणग्यांची. हाच पेच एकदा पुण्याच्या संगणकवाल्यांना पडला होता, असे म्हटले तर वाचक हसतील. हसावे, दिवाळी आहे.

हवामानाचे गणित म्हणजे आकाशाच्या चौकटी पाडायच्या आणि प्रत्येकीतले वारे, ऊन, बाष्प यंत्राच्या स्मृतीत एकाच वेळी धरून ठेवायचे. १९८० नंतरच्या दशकात भारताने असे यंत्र अमेरिकेकडे मागितले. अधिक ताकदीचे नाकारले गेले. दिल्लीच्या हवामान केंद्राला मिळाले ते एकाच प्रोसेसरचे क्रे एक्स-एमपी. त्याची स्मृती अवघी ३२ मेगाबाइट. आज खिशातला फोनही लाजेल!

१९८८ साली पुण्यात विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक स्थापन झाले. ‘नकाराला दिलेले उत्तर’ एवढीच ही कथा बहुधा सांगितली जाते. मला मोलाची वाटते ती त्यांची निवड. पुष्कळ प्रोसेसर एकाच सामायिक स्मृतीला जोडले, तर आज्ञावली लिहिणे सोपे. पण पेवाच्या तोंडाशी गर्दी होते. पुणेकरांनी कणग्या पत्करल्या. इनमॉस ह्या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर घेतले. प्रत्येकाची स्मृती निराळी आणि शेजाऱ्यांशी निरोपानिरोपीला चार जोडण्या. १९९१ चा परम ८००० असा उभा राहिला. किंमत मात्र पडलीच. जुन्या आज्ञावल्या तशाच्या तशा चालेनात. कोणाचे धान्य कोणत्या कणगीत, हे लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागे.

हवामानाला ही रीत मानवली, कारण ढगाचा व्यवहार मुख्यतः शेजारच्या चौकटीशी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानसंस्थेतल्या २०२४ च्या ‘अर्का’त तर दोन्ही तऱ्हा नांदतात: वाड्यात पेव, वाड्यावाड्यांत निरोप.

२०१८ साली १२ किलोमीटरच्या चौकटींत आमचा साडेसात हजार चौरस किलोमीटरचा जिल्हा पन्नासएक घरांत बसे. २०२५ पासून ६ किलोमीटरच्या चौकटी आल्या. घरे दोनशेंच्या वर गेली, म्हणजे स्मृतीही सुमारे चौपट हवी. तरी भूम-परांड्याचा शेतकरी मृगात तिफण धरून आभाळाकडे पाहतोच. एका चौकटीत कितीतरी शिवारे मावतात, आणि आमच्याकडचा पाऊस बांधाच्या अलीकडे पडून पलीकडे न पडणारा!