शीतकपाटाची जन्मकथा व उत्तरक्रिया

जुन्या मराठी घरांत भांड्याला मरण नव्हतें. तांब्याचा हंडा गळूं लागला म्हणजे तो तांबटाकडे जाई व डाक लावून परत येई. डाक लावण्यापलीकडे त्याची दशा झाली, तर तो मोडींत जाई. तराजूंत त्याचें वजन होई, मोडीचा भाव ठरे, आणि वर चार पैसे टाकून गृहिणी नवी परात घेऊन घरीं येई. आजेसासूच्या हंड्याचें तांबें नातसुनेच्या परातींत नांदत असे. यांत कोणी कोणाला उपदेश केलेला नव्हता. धातु महाग होता व मोडीचा भाव सर्वांना ठाऊक होता, इतकेंच. विजेवर चालणारीं यंत्रें घरांत आलीं तेव्हां मात्र हा जुना हिशेब अपुरा पडला. हंड्यांत तांब्यावांचून दुसरें कांहीं नव्हतें. यंत्राच्या पोटांत काय आहे, हें विकणाऱ्यालाहि ठाऊक नसतें आणि मोडणाऱ्यालाहि नसतें. हा फरक ज्याच्या इतिहासांत सर्वांत स्पष्ट दिसतो, तें यंत्र म्हणजे शीतकपाट, अर्थात् घरोघरचा फ्रीज.

थंडीचा व्यापार यंत्राहून जुना आहे. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नांवाचा व्यापारी गोठलेल्या तळ्यांतील बर्फ कापून जहाजांत भरीत असे. १८३३ सालीं त्याचें ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्यास निघालें. चार महिन्यांच्या प्रवासांत विषुववृत्त दोनदां ओलांडूनहि सुमारें १०० टन बर्फ शिल्लक राहिला, याचें त्या काळीं मोठें नवल झालें. मुंबईंतहि हा परदेशी बर्फ लौकरच उतरला. १८३४ सालीं शेट जमशेटजी जिजीभाई यांनीं एका मेजवानींत पाहुण्यांस आइस्क्रीम वाढलें. दुसऱ्या दिवशीं यजमानांसह पाहुण्यांस पडसें आलें, आणि परकीयांचें अनुकरण केल्याची ही योग्यच शिक्षा, असा शेरा ‘मुंबई समाचार’ पत्रानें मारला. योगायोग असा कीं, त्याच १८३४ सालीं लंडन येथें जेकब पर्किन्स यानें बर्फ करण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. आजच्या बहुतेक सर्व फ्रीजांचें मूळ त्या यंत्रांत आहे.

तें मूळ सोपें आहे. यंत्र थंडी उत्पन्न करीत नाहीं. तें आंतली उष्णता उपसून बाहेर टाकतें. बंद नळींतील एक द्रव कपाटाच्या आंत वाफ होतो व तसें होतांना भोंवतालची उष्णता शोषून घेतो. पंप ती वाफ दाबून बाहेरच्या नळ्यांत ढकलतो, तेथें ती उष्णता सोडून पुन्हां द्रव होते. विहिरीवर मोट चालावी तसा हा अखंड फेरा आहे. मोट ओढण्याचे श्रम विजेचे. दाराची रबरी पट्टी सैल झाली, पाठीमागील जाळीस वारा मिळेना, किंवा आंतील कप्प्यावर हिमाचा जाड थर बसला, कीं तेवढ्याच थंडाव्यासाठीं बैलांना अधिक खेपा घालाव्या लागतात. दारांत कागदाची पट्टी धरून दार लावावें; ओढतांच ती सहज निसटली, तर विजेच्या बिलांतील वाढीचें एक कारण तेथें सांपडलेंच म्हणून समजावें.

परंतु नळींत कोणता द्रव घालावयाचा, हा प्रश्न सोपा नव्हता. अमोनिया, सल्फर डायऑक्साइड व मेथिल क्लोराइड हीं प्रथम वापरांत आलेलीं द्रव्यें विषारी होतीं. १९२७ सालीं अमेरिकेंत जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें माथ्यावर वाटोळा पंप बसविलेलें ‘मॉनिटर टॉप’ हें कपाट बाजारांत आणलें. त्याचा दहा लाखांहून अधिक खप झाला, परंतु त्याच्या नळींतहि सल्फर डायऑक्साइडच होता. १९२६ च्या सुमारास बर्लिन येथील एक कुटुंब फ्रीजांतून गळलेल्या वायूनें झोपेंतच मरण पावल्याची वार्ता आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या वाचनांत आली. ते अस्वस्थ झाले, आणि लिओ झिलार्ड या तरुण शास्त्रज्ञाबरोबर गळतीचा संभवच राहूं नये असें, हलते भाग नसलेलें शीतयंत्र रचण्याच्या मागें लागले. त्यांना १९३० त अमेरिकेचें पेटंटहि मिळालें. पण त्यांचें कपाट बाजारांत कधीं आलें नाहीं, कारण तोंपर्यंत दुसऱ्या एका मनुष्यानें हा प्रश्न अधिक स्वस्तांत सोडविला होता.

त्याचें नांव टॉमस मिजली. जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर शाखेकरितां त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९२८ सालीं क्लोरोफ्लुरोकार्बन जातीचा वायु शीतयंत्रासाठीं सिद्ध केला. तोच पुढें ‘फ्रिऑन’ नांवानें जगभर पसरला. १९३० च्या एका शास्त्रीय सभेंत मिजलीनें तो वायु छातीभर ओढून घेतला व हलकेच सोडून समोरची मेणबत्ती विझविली. वायु विषारी नाहीं आणि ज्वालाग्राहीहि नाहीं, हें त्या एका फुंकरींत सिद्ध झालें. पेट्रोलांत शिशाचें द्रव्य मिसळण्याची युक्तिहि याच गृहस्थाची. पुढें पोलिओनें पांगळा झाल्यावर अंथरुणांतून उठण्याकरितां त्यानें दोऱ्या व कप्प्यांची एक रचना केली, आणि १९४४ सालीं त्या दोऱ्यांतच गळा आवळून त्याचा अंत झाला. मिजलीला दूषण देणें सोपें आहे; पण बर्लिनच्या त्या कुटुंबाकडे पाहिलें म्हणजे त्याच्या फुंकरीवर जमलेली सभा कां प्रसन्न झाली, हें कळतें.

यंत्र निरुपद्रवी झालें असें मानून लोक निश्चिंत झाले. परंतु टाकून दिलेल्या यंत्राचा विचार अद्याप कोणी केला नव्हता. अमेरिकेंत परसांत अगर उकिरड्यावर फेकलेल्या जुन्या फ्रीजांत खेळतां खेळतां मुलें शिरत. बाहेरची खटक्याची कडी आपोआप बसे आणि आंतून दार उघडत नसे. जाड भिंतींतून हांकहि ऐकूं येत नसे. अशीं अनेक मुलें गुदमरून गेल्यावर १९५६ सालीं तेथें कायदा झाला कीं, दार आंतून उघडलेंच पाहिजे. आज प्रत्येक फ्रीजच्या दाराला जी चुंबकाची पट्टी असते, तिचा प्रसार या कायद्यामुळें झाला. पाव आणि दूध ठेवण्यासाठीं सहज दार लोटणाऱ्या गृहिणीला त्या पट्टीमागें केवढें दुःख आहे, याची कल्पना नसते.

दुसरा दोष उघडकीस यावयास अधिक काळ लागला. १९७४ सालीं मारिओ मोलिना व शेरवूड रोलंड यांनीं गणित करून दाखविलें कीं, फ्रिऑनचा जो स्थिरपणा गुण म्हणून वाखाणला गेला, तोच घातक आहे. हा वायु खालच्या हवेंत नाश पावत नाहीं. वर चढतो, तेथें सूर्याच्या तीव्र किरणांनीं फुटतो आणि त्यांतील क्लोरीन पृथ्वीवरील ओझोनचें छत्र पोखरतें. १९८५ त ब्रिटिश संशोधकांनीं अंटार्क्टिकावर ओझोनची झालेली तूट प्रत्यक्ष मोजली, आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजीं माँट्रिऑल येथें या वायूंना आवर घालणारा करार झाला. भारत १९९२ त त्यांत सामील झाला व २०१० ची मुदत असतां १ ऑगस्ट २००८ पासूनच त्यानें या वायूंचें सर्वसाधारण उत्पादन थांबविलें. नव्या फ्रीजांत आतां बहुधा आयसोब्युटेन असतो. ओझोनला त्याची बाधा नाहीं, पण तो पेट घेतो.

उत्पादन थांबलें तरी जुनें कपाट घरांत उभेंच राहतें, आणि येथें विजेचा प्रश्न येऊन मिळतो. महायुद्धानंतर अमेरिकेंत वीज स्वस्त असल्यामुळें कारखानदारांनीं कपाट मोठें केलें, पण काटकसरीकडे पाहिलें नाहीं. १९७३ सालीं तेलाचा तुटवडा पडला तेव्हां तेथील सरासरी नवा फ्रीज वर्षाला सुमारें १८०० युनिट वीज खात होता. कॅलिफोर्नियानें प्रथम, आणि मागाहून सबंध देशानें, विजेच्या खर्चाची कमाल मर्यादा ठरविली. कारखानदारांनीं नेहमींप्रमाणें आकांत केला, आणि मग नेहमींप्रमाणेंच मार्ग शोधून काढला. २००१ च्या मर्यादेप्रमाणें त्याहून मोठ्या कपाटाला सुमारें ५०० युनिट पुरूं लागले, आणि किंमतहि वाढली नाहीं. तरीहि वीजकंपन्यांना अपेक्षित बचत दिसेना. शोध केल्यावर कळलें कीं, लोक नवा फ्रीज स्वयंपाकघरांत ठेवीत आणि जुना मोटारखान्यांत नेऊन चालूच ठेवीत! तेव्हां कंपन्यांनीं उलट पैसे देऊन जुनीं कपाटें घरांतून उचलण्यास आरंभ केला.

उचललेल्या कपाटाचें काय करावयाचें, हा प्रश्न इंग्लंडनें चांगलाच महाग करून घेतला. युरोपच्या नव्या नियमानें १ जानेवारी २००२ पासून केवळ नळींतीलच नव्हे, तर भिंतींत भरलेल्या फेंसाच्या लाद्यांतील वायुहि काढून घेणें बंधनकारक झालें. नळींतल्यापेक्षां या लाद्यांतच बहुधा अधिक वायु कोंडलेला असतो. तो काढणारीं यंत्रें त्या वेळीं इंग्लंडांत नव्हतीं. जुनें कपाट परत घेणाऱ्या दुकानदारांनीं हात आंखडला, आणि मैदानांतून फ्रीजांचे पांढरे डोंगर उभे राहिले. उलट जपाननें १९९८ त कायदा केला व तो अमलांत आणण्यापूर्वीं २००१ पर्यंतचा अवकाश कारखाने उभारण्यांत खर्चिला. तेथें फ्रीज, दूरदर्शन-संच, धुलाईयंत्र व वातानुकूलन यंत्र टाकतांना गृहस्थाला स्वतःच्या खिशांतून शुल्क भरावें लागतें. ही रीत मराठी माणसाच्या गळीं उतरणें कठीण. मोडीचे पैसे घ्यावयाचे, द्यावयाचे नव्हेत, हा त्याचा पिढ्यांचा संस्कार आहे.

भारतांत फ्रीजचें उत्पादन १९५८ सालीं मुंबईच्या गोदरेज कारखान्यांत सुरू झालें. कित्येक घरांत तें पहिलें कपाट वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षें राबलें. लग्नकार्यांत शेजारचा बर्फ, पलीकडच्यांचें दूध आणि तिसऱ्या बिऱ्हाडाचें औषध त्यांत मुक्कामास असे. २००१ च्या ऊर्जा संरक्षण कायद्यान्वये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता विभागानें २००६ त तारांकित पट्ट्या सुरू केल्या, आणि हिम न धरणाऱ्या फ्रीजांवर २०१० पासून त्या सक्तीच्या झाल्या. ताऱ्यांची कसोटी मधूनमधून कडक होत असल्यामुळें दहा वर्षांपूर्वींचे पांच तारे आजचे पांच नव्हेत. पट्टीवरील वर्ष आणि वार्षिक युनिटांचा आंकडा वाचणें अधिक शहाणपणाचें. मोडीचे नियम २०११ त झाले, १ मे २०१२ पासून लागू झाले, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यांची जागा नव्या नियमांनीं घेतली. यंत्र बनविणाऱ्यानेंच त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी घ्यावी, नोंदलेल्या कारखान्यांतच तें मोडलें जावें, असें त्यांत सांगितलें आहे.

व्यवहारांत मात्र पुष्कळदां दाराशीं येतो तो भंगारवालाच. त्याच्या तराजूला तांबें, लोखंड आणि पंप एवढेंच कळतें, आणि तें कळण्यांत तो जुन्या तांबटाइतकाच निष्णात असतो. त्याच्यावर रागावण्यांत अर्थ नाहीं. त्याला वायूचा भाव कोणी दिलेला नाहीं. तो दोन मजले पाठीवरून कपाट खालीं नेतो, जवळच्या गल्लींत आडवें करतो, आणि पक्कडीनें पंपाजवळची तांब्याची नळी कापतो. क्षणभर बारीकसा फूत्कार ऐकूं येतो. नळींतील वायु जुन्या जातीचा असेल, तर त्याचा एकेक किलो हवा तापविण्यांत दहा हजार किलो कोळसावायूला भारी असतो, आणि त्याचें आयुष्य शंभर वर्षांचें असतें. घरमालकिणीच्या हातीं मोडीचे पैसे पडलेले असतात, आणि रिकाम्या झालेल्या कोपऱ्यांतील फरशीवर कपाटाच्या चार पायांचे गंजके ठसे तेवढे उरलेले असतात.