वेशभूषा, मराठी रंगभूमीवरील (मुंबई)

रंगमंचावरील पात्राची वस्त्रे, अलंकार, शिरोभूषण, केशरचना व पादत्राणे यांच्या योजनेस वेशभूषा म्हणतात. भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, सात्त्विक व आहार्य असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले असून वेशभूषेचा अंतर्भाव आहार्य अभिनयात केला आहे. वेश हा अभिनयावर चढविलेला साज नव्हे, तर अभिनयाचाच एक प्रकार होय, ही या वर्गीकरणामागील दृष्टी. मराठी नाटकमंडळ्यांच्या व्यवहारात वस्त्रसंभाराला व तो सांभाळणाऱ्या विभागाला ‘कपडेपट’ असे नाव आहे. मंडळ्यांची मूळ ठिकाणे सांगली, पुणे, कोल्हापूर अशी असली, तरी उत्पन्नाच्या व नावलौकिकाच्या दृष्टीने मुंबईचा मुक्काम महत्त्वाचा असे. त्यामुळे ग्रँट रोड व गिरगाव, परळ-लालबागचा गिरणगाव आणि दादर या भागांत कपडेपटाचा इतिहास विशेष स्पष्टपणे दिसतो. प्रेक्षकांच्या घरातील पोशाख रंगमंचावर कसा गेला आणि पुढे तो प्रेक्षकांकडे कसा परत आला, याचाही हा इतिहास आहे.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे सीतास्वयंवर नाटकाचा प्रयोग केला व १८५३ मध्ये आपल्या मंडळीसह मुंबईस येऊन ग्रँट रोडवरील नाट्यगृहात खेळ केले. या पौराणिक खेळांतील वेश व्यक्तिनिष्ठ नसून वर्गनिष्ठ होते. देव, राक्षस, स्त्री व विदूषक यांचे वेश ठरलेले असत. कमरेला मोर बांधून नाचत येणारी सरस्वती व चेहरा रंगवून, केस मोकळे सोडून, तलवार परजत आरोळ्या ठोकणारा राक्षस ही त्यांतील ठळक रूपे. दिव्यांच्या अपुऱ्या उजेडात पात्र कोण हे लांबून कळावे, यासाठी भडक रंग व चकाकणारी कलाबूत आवश्यकच होती. या भडकपणाला पुढील टीकाकारांनी केवळ अभिरुचीचा दोष मानले, ते न्याय्य वाटत नाही. त्याच परिसरात बहरलेल्या पारशी रंगभूमीच्या मखमली, जरतारी पोशाखांचा परिणामही मराठी कपडेपटावर झाला.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतल (१८८०) व सौभद्र (१८८२) या नाटकांनी संगीत रंगभूमीचा पाया घातला. या नाटकांतील द्वारकेची सुभद्रा महाराष्ट्रीय पद्धतीचे नऊवारी लुगडे नेसे, नाकात नथ घाली. पौराणिक काळाशी हे विसंगत होते, परंतु ती विसंगती कोणास खटकली नाही; किंबहुना तिच्यामुळेच पुराणातील स्त्री प्रेक्षकांच्या घरातील झाली. राजा रविवर्मा यांच्या चित्रांतील देवता व नायिकाही पुष्कळदा नऊवारीतच दिसतात, आणि १८९४ मध्ये निघालेल्या त्यांच्या शिळामुद्रणालयातून ती रूपे घरोघर पोहोचली. गो. ब. देवलांच्या शारदा (१८९९) या सामाजिक नाटकात तर पात्रे व प्रेक्षक यांच्या वेशांतील अंतर जवळजवळ नाहीसे झाले. जरठबालाविवाहाची बळी ठरू पाहणारी मुलगी शेजारच्या घरातील मुलीसारखीच दिसल्यामुळे नाटकाचा आघात तीव्र झाला.

याच्या उलट कृ. प्र. खाडिलकरांच्या कीचकवध (१९०७) नाटकात पौराणिक वेशाने आडपडद्याचे काम केले. मुकुट व शेला धारण केलेल्या कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झनला ओळखले. सरकारनेही ओळखले व १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली.

खाडिलकरांच्याच मानापमान या नाटकाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला. त्यात वेश हा कथेचाच कणा आहे. धनिक घराण्यातील भामिनी साध्या वेशात वनमाला बनून गरीब सेनापती धैर्यधराला पारखते, तर दागिन्यांनी मढलेला लक्ष्मीधर हास्यास्पद ठरतो. भामिनीची भूमिका बालगंधर्वांची (१८८८–१९६७). शालू, पैठण्या व दागिने यांच्या निवडीत ते कमालीचे चोखंदळ होते. त्यांची लुगडे नेसण्याची, पदर घेण्याची व गजरा माळण्याची ढब प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी उचलली. स्त्रीने कसे दिसावे याचा आदर्श एका पुरुष नटाने घालून द्यावा आणि स्त्रियांनी तो स्वीकारावा, ही घटना सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. स्त्रियांना रंगमंच जवळजवळ बंद असल्यामुळेच ती शक्य झाली, हेही विसरता येत नाही. या हौसेची किंमतही मोठी होती. गंधर्व नाटक मंडळीला कर्जबाजारी करणाऱ्या खर्चांत कपडेपटाचा वाटा होता. तथापि राम गणेश गडकरी यांच्या एकच प्याला (१९१९) मध्ये बालगंधर्वांनी दारिद्र्याने गांजलेली सिंधू फाटक्या लुगड्यात उभी केली व ती भूमिका त्यांच्या श्रेष्ठ भूमिकांत गणली गेली. जरीवाचून आपले चालते, हे त्यांनी त्यातून सिद्ध केले. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या संयुक्त मानापमानात भामिनी बालगंधर्वांची व धैर्यधर केशवराव भोसले यांचा होता.

चित्रपटातही आरंभी हीच प्रथा आली. दादासाहेब फाळके यांनी दादर येथे चित्रित केलेला राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्यात तारामतीची भूमिका ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी केली. वडील हयात असता मिशी काढणे अशुभ, या समजुतीमुळे स्त्रीवेश घेणारे नट मिशा उतरविण्यास तयार होत नसत, असे सांगतात. लंकादहन (१९१७) मध्ये राम व सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांच्याच होत्या. ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेच्या आंधळ्यांची शाळा (१९३३) या नाटकात स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या आणि पोशाखही दिवाणखान्यात शोभेल असा साधा राहिला.

गिरणगावातील रंगभूमी निराळी होती. कोकणातून आलेल्या कामगारांनी दशावतार, नमन-खेळे व बाल्या नाच या कला आपल्याबरोबर आणल्या. परळचे दामोदर नाट्यगृह (१९२२) हे त्यांचे एक प्रमुख ठिकाण होते. दशावतारात कपडेपटाच्या पेटाऱ्याची पूजा होते. त्यातील काळ्या वेशाचा, काळ्या उंच टोपीचा व लांब जीभ काढलेला संकासुर हा या परंपरेतील सर्वांत ओळखीचा वेश होय. दिवसा साच्यावर उभा राहणारा कामगार रात्री मुकुट धारण करी किंवा लुगडे नेसून राणी होई. गावातील मान त्याला शहरात या वेशानेच मिळत असे. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड येत. तेथे नऊवारी, चाळ व शेला हा नर्तकीचा, तर फेटा हा शाहिराचा वेश असे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्या ‘लाल बावटा कलापथका’ने (१९४४) मात्र वेशाचा थाटच नाकारला. अण्णाभाऊंनी तमाशातील पारंपरिक गौळण वगळली, तेव्हा तिच्याबरोबर कृष्ण, पेंद्या व मावशी यांचे वेशही गेले. चाळीतल्या माणसाचे रोजचे कपडेच येथे नाट्यवेश झाले. लालबागच्या राजाची मूर्तीही (स्थापना १९३४) १९४० च्या दशकात राष्ट्रीय नेत्यांच्या वेशात साकारण्यात आली, यावरून वेश ही गिरणगावाची राजकीय भाषा कशी झाली होती हे दिसते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या व या रंगभूमीचा आधार सुटला.

स्पर्धा, मेळे व शाळांची स्नेहसंमेलने यांना लागणारे वेश भाड्याने देणारी दुकाने हा मुंबईतील जुना व्यवसाय आहे. एकच जिरेटोप आज शिवाजी महाराजांना व उद्या संभाजी महाराजांना चालतो. ऐतिहासिक पुरुषांची जी रूपे जनमानसात ठसली, त्यांत इतिहाससंशोधनाइतकाच या दुकानांचाही हातभार आहे.

नाट्यवेशांच्या जतनाची परंपरा मात्र आपल्याकडे क्षीण आहे. घामाने कुजलेली व मंडळ्या मोडल्यावर विकली गेलेली वस्त्रे फारशी उरली नाहीत. जुन्या भरजरी लुगड्यांची जरी चांदीसाठी जाळली जाई. मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात शिकलेल्या भानू अथैया यांना गांधी (१९८२) चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले, ते त्यांनी सुरक्षित राहावे म्हणून २०१२ मध्ये अमेरिकेतील अकादमीकडे परत सोपविले. बालगंधर्व (२०११) या चित्रपटाच्या वेशभूषेबद्दल नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्या काळातील छायाचित्रे कृष्णधवल असल्याने त्यांत वस्त्रांचे काठ दिसतात, रंग दिसत नाहीत.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पाचवारी साडी रूढ झाली आणि नऊवारी रोजच्या वापरातून उठली. आता गिरगावच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत तरुणी नऊवारी, नथ व फेटा अशा वेशात दुचाकीवरून येतात. त्यांच्यासाठी दादरच्या बाजारात शिवलेली नऊवारी मिळते. काष्टा आधीच शिवलेला असल्याने ती विजारीसारखी पायांत चढवून कमरेला बांधली की झाले.