एचडी व्हिडिओ अडखळतो, तेव्हा दोष कुठे असतो?

लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर येतो. घरचे सगळे कॉम्प्युटरसमोर जमतात. मंगलाष्टकांचा आवाज नीट ऐकू येतो, पण चित्र मात्र एकाच जागी अडकलेले. अंतरपाट अजून धरलेलाच, आणि आवाजात टाळ्या सुरू झालेल्या. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'रॅम वाढवा' किंवा 'आता नवीन मशीन घ्या'. दोन्हींवर पैसे खर्च करण्याआधी पाच मिनिटांची तपासणी करणे शहाणपणाचे आहे, कारण रॅमचा या दुखण्याशी बहुतेक वेळा संबंध नसतो.

मुळात काम केवढे असते?

फुल एचडी म्हणजे १०८०पी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट माहिती होते. तासाला जवळजवळ ५६० जीबी. एवढे कोणी साठवत नाही. व्हिडिओ आवळून साठवला जातो आणि पाहताना उलगडला जातो. आवळण्या-उलगडण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात.

एच.२६४ हा कोडेक २००३ मध्ये आला आणि सर्वत्र रुळला. एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, आणि गूगलचा व्हीपी९ हे दोन्ही २०१३ चे. एव्ही१ हा २०१८ चा. प्रत्येक नवा कोडेक तेवढ्याच दर्जाचे चित्र कमी जागेत बसवतो, पण उलगडताना जास्त मेहनत मागतो.

ही मेहनत दोन ठिकाणी होऊ शकते. एक म्हणजे मुख्य प्रोसेसर, जो सगळीच कामे करतो. दुसरे म्हणजे ग्राफिक्स चिपमधला खास भाग, जो फक्त व्हिडिओ उलगडण्यासाठीच घडवलेला असतो. हा भाग काम करत असेल तर जुना लॅपटॉपही शांतपणे सिनेमा दाखवतो. मात्र त्याला ठरावीक कोडेकच येतात. चिप तयार झाली तेव्हा जो कोडेक तिच्यात नव्हता, तो नंतर सॉफ्टवेअरने घालता येत नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंघावू लागतो आणि चित्र अडखळते.

इंटेलच्या प्रोसेसरांत ढोबळ हिशेब असा: एच.२६४ २०११ च्या दुसऱ्या पिढीतही सहज चालतो. एचईव्हीसीची पूर्ण सोय २०१५ च्या सहाव्या पिढीत आली, त्याच्या १० बिट प्रकाराची सातव्या पिढीत. एव्ही१ साठी मात्र २०२० ची अकरावी पिढी लागते. म्हणजे २०१३ चा लॅपटॉप एक फाइल सुरळीत दाखवतो आणि त्याच लांबीची, त्याच आकाराची दुसरी दाखवत नाही, यात गूढ काही नाही.

लक्षण नीट पाहा

आवाज सुरळीत आणि चित्र मागे पडते, तर उलगडण्याचे काम झेपत नाहीये. चित्र आणि आवाज दोन्ही एकदम थांबतात व पुन्हा एकदम सुरू होतात, तर माहितीच वेळेवर पोहोचत नाही. पेनड्राइव्ह संथ आहे किंवा इंटरनेट. फाइल हार्ड डिस्कवर कॉपी करून पाहिली की पेनड्राइव्हचा निकाल लगेच लागतो. पहिली वीस मिनिटे उत्तम आणि नंतर अडखळ, तर उष्णता: धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपच्या झडपा बंद होतात, तेव्हाही हेच घडते. आवाज येतो पण पडदा काळा, तर तो कोडेक ओळखणारे सॉफ्टवेअरच नाही. आयफोनवर काढलेल्या व्हिडिओबाबत विंडोजमध्ये हे बरेचदा घडते, कारण २०१७ पासून आयफोन एचईव्हीसीमध्ये चित्रण करू शकतो.

खात्री कशी करायची?

व्हीएलसी हा मोफत प्लेअर घ्यावा. व्हिडिओ सुरू असताना 'टूल्स' मेनूतून 'कोडेक इन्फर्मेशन' उघडले की कोडेक, चित्राचा आकार आणि सेकंदाला किती फ्रेम, हे सारे दिसते. शेजारच्या 'स्टॅटिस्टिक्स' भागात 'लॉस्ट' म्हणजे गाळलेल्या फ्रेमचा आकडा असतो. तो भराभर वाढत असेल तर कॉम्प्युटर मागे पडतो आहे.

आता विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'मध्ये 'जीपीयू' निवडावा. 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख हलत असेल तर खास भाग कामाला लागला आहे. तो शून्यावर आणि प्रोसेसर शंभराजवळ, तर निदान झाले. (फार जुन्या चिपवर हा आलेख दिसतच नाही, तेव्हा प्रोसेसरचा आकडाच पाहावा.)

चिप त्या कोडेकला पुरेशी नवी असूनही आलेख शून्यावर असेल, तर ड्रायव्हर तपासावा. विंडोज नव्याने टाकल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसत असेल, तर मूळ ड्रायव्हर बसलेलाच नाही. तो लॅपटॉप किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा. व्हीएलसीच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'हार्डवेअर-अ‍ॅक्सिलरेटेड डिकोडिंग' बंद नाही ना, हेही पाहावे. उलट, चित्रात हिरवे-गुलाबी चौकोन येत असतील तर तीच सोय तात्पुरती बंद करून पाहावी.

यूट्यूबवर व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडले की तिथेही गाळलेल्या फ्रेम आणि कोडेक दिसतो. 'एव्हीसी१' म्हणजे एच.२६४, 'एव्ही०१' म्हणजे एव्ही१. जुन्या मशीनवर दर्जा ७२०पी केला की बहुधा प्रश्न मिटतो. लॅपटॉपचा पडदा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा असेल तर त्यावर फोर-के लावून काहीच जास्त दिसत नाही. फुकटची मेहनत तेवढी होते.

चिपच अपुरी असेल तर

तर फाइल बदलणे सोपे. हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून 'फास्ट १०८०पी३०' हा तयार पर्याय निवडला की एच.२६४ ची प्रत मिळते. जुन्या मशीनवर याला काही तास लागू शकतात. रात्री लावून ठेवावे. 'कोडेक पॅक' नावाची गाठोडी मात्र एकावर एक टाकू नयेत. त्यांनी काळा पडदा कधी जाईल, पण चिपमध्ये नसलेली ताकद येणार नाही.

छायाचित्रकाराने कॅमेऱ्यातल्या मूळ क्लिपा दिल्या असतील तर त्या पुष्कळदा '४:२:२, १० बिट' प्रकारच्या असतात. त्या संपादनासाठी असतात आणि बऱ्याच चांगल्या कॉम्प्युटरांनाही जड जातात. पाहण्यासाठी एच.२६४ ची वेगळी प्रत त्याच्याकडेच मागावी.

आणि प्रत तयार झाली म्हणून मूळ फाइल पुसू नये. प्रत्येक वेळी नव्याने आवळताना चित्रातले थोडे काही कायमचे जाते, आणि ते प्रतीतून परत मिळवता येत नाही. मूळ फाइल दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवावी. आज ती घरात चालत नसली, तरी पुढच्या कॉम्प्युटरवर चालेल.