राखलेले गवत

वसुबारसेला गोठ्यात पणती लागली की आपली दिवाळी सुरू होते. घरची गृहिणी गाईच्या पायांवर पाणी घालते, कपाळाला हळदकुंकू लावते, वासराच्या गळ्यात झेंडूची माळ घालते आणि दोघांपुढे घास ठेवते. त्या दिवशी गाईचे दूधतूप घरात वर्ज्य असते. जे काही असेल ते वासराचे. शहरात गोठे उरले नाहीत, तरी पाटावर गायवासराचे चित्र मांडून हा दिवस पाळणारी घरे अजून पुष्कळ आहेत.

हा झाला एका दिवसाचा घास. उरलेल्या 364 दिवसांचा घास कोठून येत होता, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. राजांचा, लढायांचा आणि तहांचा इतिहास आम्ही मास्तर मंडळी मुलांकडून घोकून घेतो. गवताचा इतिहास मात्र कोणत्याच इयत्तेला लावलेला नाही. म्हणून यंदाच्या फराळाबरोबर तोही थोडासा पानात वाढावा असे मनात आले.

देशावरचा एखादा लहान शेतकरी डोळ्यांपुढे आणा. गाव माणदेशातले असो, सांगोल्याकडचे असो, की पुरंदरच्या पठारावरचे. सात-आठ एकर जिरायत, एक बैलजोडी, एक गाय आणि तिचे वासरू, एवढा त्याचा बारदाना. तांबडे फुटायच्या आत गोठ्यातले शेण निघायचे. त्यातले थोडे गोवऱ्यांना, बाकीचे उकिरड्यावर. बैलांच्या गव्हाणीत वैरण पडायची, आणि ते रवंथ करीत असतानाच धन्याची न्याहारी व्हायची. बैल औताला जायचे. गाय आणि वासरू गावच्या गुराख्याबरोबर माळाला लागायचे. दिवस कलला की गुरांच्या खुरांची धूळ गावावर यायची, आणि त्याच सुमारास खुरपणीहून परतणाऱ्या बायकांच्या डोक्यावर बांधावरच्या गवताचा भारा दिसायचा. पुरुषाने बैल विकत आणला म्हणून बैल त्याच्या नावाचा. पण त्याला जगवणारा निम्मा चारा बाईच्या विळ्याखालून आलेला असे. ही गोष्ट कोणत्याही दप्तरात लिहिलेली सापडणार नाही.

मास्तरकीची सवय म्हणून थोडा हिशेब मांडतो. चांगल्या खिलारी बैलाला दिवसाकाठी आठ ते दहा किलो कोरडी वैरण लागते. जोडीला वीस किलो धरा. पावसाळ्यात हिरवा चारा असतो, सुगीनंतर शेतातली धसकटे आणि पाला असतो. परंतु महाशिवरात्रीपासून मृगापर्यंतचे सुमारे शंभर दिवस शिवारात काडी नसते. म्हणजे नुसत्या जोडीसाठी वीस क्विंटल वैरण साठवलेली हवी. ज्वारीचा कडबा आणि बाजरीचे सरमाड यांवर ही भर पडायची ती डोंगरउतारावरच्या आणि माळावरच्या वाळल्या गवताची. रान चांगले पिकले तर कडब्याची गंज घराच्या उंचीची होई. पाऊस दडी मारून बसला तर कडबा नाही आणि दाणाही नाही. अशा साली जोडी वाचवायची ती गवताने.

आता हे गवत कोणी पेरीत नसे. आपल्या कोरड्या माळावर मारवेल, पवन्या, कुसळी ही गवते आपोआप येतात. शेतकऱ्याचे काम एवढेच, की त्यांना येऊ द्यायचे. यालाच आपल्या भाषेत ‘राखणे’ म्हणतात. ऐकायला सोपे, करायला फार कठीण! मृगाचा पाऊस पडून माळ हिरवा झाला की चार महिने भुकेलेली गुरे तिकडे ओढ घेतात. तेव्हा त्यांना अडवायचे. कोवळा कोंब जनावराने खुडला की मुळाला बळ येत नाही. पोळा जाऊ द्यायचा, गवत निसवू द्यायचे, आणि आश्विन-कार्तिकात, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर, विळा लावायचा. फुलोऱ्यातले गवत सर्वांत कसदार; पण सगळेच फुलोऱ्यात कापले तर बी पडत नाही आणि पुढच्या वर्षी माळ विरळ होतो. म्हणून जाणता शेतकरी एखादा पट्टा बियाण्यासाठी उभा ठेवी. कुसळीचे मात्र उलटे. तिला कुसे धरायच्या आत कापले पाहिजे, नाहीतर ती जनावराच्या तोंडात आणि मेंढरांच्या लोकरीत रुततात. कापणी झाली, भारे गंजीला लागले, की मग खुंटांवर गुरे सोडायची.

राखण मोडली की काय होते तेही माळावर वाचता येते. गुरांना जे गोड तेच आधी संपते. पहिल्यांदा मारवेल आणि पवन्या जातात, मग कुसळी माजते, पुढे तीही खुरटते, आणि शेवटी तरवड आणि दगड उरतात. हे होण्यास दहा-पंधरा वर्षे पुरतात. उलट फिरवायला कित्येकदा एक पिढी लागते.

एवढे ध्यानात घेऊन आपल्या इतिहासाकडे पाहू. आपल्या इतिहासात घोड्यांच्या टापा फार ऐकू येतात. पण घोडा आणि बैल एकाच माळावर चरतात, हे आपण विसरतो. शिवाजी महाराजांना त्याचे पुरते भान होते. 1673-74 च्या सुमाराचे, चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या लष्कराला लिहिलेले त्यांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. जमवलेला दाणा आणि गवत मनास येईल तसे उधळाल तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी मरू लागतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल आणि त्यांना मोगलांपेक्षा तुम्ही वाईट वाटाल, असा त्याचा आशय. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जाते. एका राज्यकर्त्याला कुणब्याची गंज आणि आपले घोडदळ यांचा संबंध असा स्वच्छ दिसावा, ही थोर गोष्ट आहे.

पुढे पेशवाईत सरकारी पागांसाठी कुरणे राखून ठेवली जात. जुन्नर आणि संगमनेर तालुक्यांत ‘कुरण’ नावाची गावेच आहेत. या कुरणांवर राखणदार असत, बाहेरच्या गुरांना बंदी असे, आणि आसपासच्या गावकऱ्यांवर गवत कापून भारे पोचवण्याची वेठ पडे. म्हणजे माळ सुरेख राखला जाई. पण राखणारा एक आणि खाणारा दुसरा. गवताच्या साऱ्या इतिहासात हा तंटा पुन्हापुन्हा उभा राहतो.

इंग्रजी अमलात तो निराळ्या रूपाने आला. 1836 साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्या पैमाशीला आरंभ केला. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, आकार ठरला. आकार हलका, म्हणून पड जमिनी भराभर लागवडीखाली आल्या. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले असताना कापसाला सोन्याचा भाव आला, आणि नांगर माळाच्या आणखी वर चढला. पिकाखालचे रान वाढले याचा कोणाला आनंद होणार नाही? परंतु जो बैल नांगर ओढीत होता त्याचेच ताट नांगरले जात होते. गावाच्या गुरांसाठी गायरानाचे नंबर तोडून दिले गेले खरे, पण पूर्वीच्या मोकळ्या रानापुढे ते तोकडे. सातबारात आजही एक शब्द आढळतो: ‘पोटखराब’. शेतातल्या ज्या खडकाळ, उताराच्या तुकड्यावर पीक निघत नाही तो पोटखराब. गुरांचे पोट जेथे भरायचे त्या जागेला महसुली भाषेने दिलेले हे नाव पाहून हसावे की रडावे ते कळत नाही.

यानंतर 1871 चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आला आणि कोंडवाडा सर्वत्र कायद्याच्या चौकटीत बसला. 1878 च्या जंगल कायद्याने डोंगर राखीव झाले. चुकून आत गेलेले जनावर दंड भरल्यावाचून सुटेना. दंड नसेल तर लिलाव. जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात गावोगावची गायराने आणि डोंगर जंगलखात्याने गिळल्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांना चरायला जागा उरली नाही, ही तक्रार त्यांनी जळजळीत शब्दांत मांडली आहे. फुले पुण्यात राहत. पण शेतकऱ्याच्या दावणीला काय कमी पडते आहे ते त्यांना बरोबर समजले होते.

त्यात दुष्काळ. 1876 ते 78, पुन्हा 1896-97, पुन्हा 1899-1900. दुष्काळाने आधी वैरण संपते, मग गुरे, मग माणसे. फड्या निवडुंगाचे काटे जाळून त्याची पाने बैलांना घालायची वेळ लोकांवर आली. अर्धपोटी जनावराला रोगही लवकर गाठतो. बुळकांडीने तर एकेका हंगामात दावणीच्या दावणी ओस पाडल्या. 1889 साली पुण्यातच गुरांच्या रोगांच्या अभ्यासासाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली, ती 1893 साली कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला गेली. पुढे तेथेच बुळकांडीवर लस तयार झाली, आणि 2011 साली हा रोग साऱ्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. गाईगुरांच्या इतिहासातला हा निखळ आनंदाचा प्रसंग. रोगाला औषध सापडले. भुकेवर मात्र लस निघत नाही.

दरम्यान शेतही लहान होत होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून तो 1917 साली प्रसिद्ध केला. तेथे 1771 साली एका खातेदाराकडे सरासरी 40 एकर जमीन होती. 1818 साली ती साडेसतरा एकरांवर आली आणि 1914-15 साली 7 एकरांवर. जोडी तीच, तिची भूक तीच, शेत मात्र सहावा हिस्सा! एवढ्या शेतात कडब्यालाही जागा पुरेना, मग गवतासाठी तुकडा कोण सोडणार? ज्याच्याकडे एकच बैल तो शेजाऱ्याशी सावड करून औत जुपी. आज त्या पिंपळे सौदागरात उंच इमारती उभ्या आहेत.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. 1967 साली मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे बाएफ ही संस्था काढली. संकरित गाय गावोगाव पोचली. 1972 च्या दुष्काळानंतर अनेक घरांना दुधाच्या पैशाने हात दिला, हे कोणी नाकारू नये. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. संकरित गाय माळावर हिंडत नाही. ती गोठ्यात उभी राहून विकतचा चारा आणि पेंड खाते. मग माळाकडे कोण पाहणार? गायराने कोठे अतिक्रमणात गेली, कोठे सरकारी कामांसाठी दिली गेली. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत असे सर्व राज्यांना बजावले. पण कागदावर मोकळे झालेले गायरानही राखल्यावाचून हिरवे होत नाही.

ते कसे होते हे पाहायचे तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांकडे पाहावे. पहिल्याने 1975 नंतर आणि दुसऱ्याने 1990 च्या दशकात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वतःवर लादून घेतली. गुरे डोंगरावर मोकळी सोडायची नाहीत. गवत विळ्याने कापून आणायचे. आपल्या गाईला आपणच डोंगराची वाट बंद करणे सोपे नव्हते. ज्याला शेत नाही आणि चार शेळ्यांवर ज्याचे पोट, त्याच्यावर अशा बंदीचा भार सर्वांत जास्त पडतो, हेही खरे. म्हणून गवत कापायला मिळण्याचा हक्क सर्वांना सारखा असावा लागतो. असे असेल तरच बंदी टिकते. नाहीतर ती पुन्हा सरकारी कुरण होते, आणि रात्री कोणीतरी कुंपण वाकवतो.

पागेच्या कुरणाला पहारा होता, जंगलखात्याला कायदा होता. दोन्हींनी गवत वाढवले, पण शेतकऱ्याची दावण रिकामीच राहिली. उलट गायरान सर्वांचे होते, आणि सर्वांचे म्हणून कोणाचेच राहिले नाही. ज्यांना कापायचे आहे त्यांनीच राखायचे ठरवले तेथे मात्र गवत वाढले आणि दावणीलाही पोचले.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळजण गावी जातील. वाटेत एखादा माळ लागेल. मुलांना घेऊन पाच मिनिटे गाडीतून उतरा. मांडीइतकी मारवेल वाऱ्यावर डुलताना दिसली तर समजा, पावसाळाभर कोणीतरी आपल्या भुकेल्या गुरांना येथून माघारी वळवले आहे. मुलांना ते सांगा. आणि नुसती कुसळी आणि तरवड दिसली, तर गावात पोचल्यावर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, की हा माळ पूर्वी कोण राखीत होते. तो सांगू लागेल, तेव्हा फराळाचे ताट थोडे बाजूला ठेवून ऐका.