स्टेम, सूत आणि सीट नसलेली सायकल

ट्रायल सायकलला बसायला सीट नसते. स्पर्धेच्या सायकलीला तर ती बसवण्याची सोयही बहुतेक वेळा ठेवलेली नसते. स्वार पूर्ण वेळ उभा. समोर दगड, ओंडके, काँक्रीटचे ठोकळे. एकावरून दुसऱ्यावर मागच्या चाकाने उडी मारायची आणि मध्ये पाय टेकला की दंडाचा गुण. बसायची जागाच नाही म्हटल्यावर माणसाचा सगळा भार दोन पेडलांवर आणि दोन मुठींवर येतो. मुठींचा भार आणि ओढ ज्या एका तुकड्यातून सायकलीत उतरते तो तुकडा म्हणजे स्टेम. चिमट्याची वर आलेली नळी आणि आडवे हँडल यांना जोडणारा, वीतभरही लांब नसलेला अॅल्युमिनियमचा तुकडा. ऐन उडीत त्याची पकड सुटली तर स्वाराचे तोंड थेट दगडावर जाते.

हा तुकडा बदलायला निघालेल्या माणसाच्या कानावर काही आकडे पडतात : २२.२, २५.४, २८.६, ३१.८. सगळे मिलिमीटरमध्ये. इतके वेडेवाकडे दशांश शहाण्या माणसांनी कशाला ठरवले असतील? विसाचे, पंचविसाचे, तिसाचे माप का नाही? उत्तर इतिहासात आहे, आणि त्याची किल्ली आपल्याकडच्या गवंडी-सुतारांच्या आणि प्लंबरच्या तोंडी असलेल्या एका शब्दात आहे. तिकडे येतोच, पण आधी ही सायकल आली कुठून ते पाहू.

ट्रायल हा खेळ मुळात मोटरसायकलचा. स्कॉटलंडमधली सहा दिवसांची प्रसिद्ध ट्रायल १९०९ पासूनची. वेगाची शर्यत नव्हे. खडकाळ ओढ्यातून, चिखलातून, पाय न टेकता गाडी पार नेण्याची परीक्षा. अनेक दशके या खेळावर ब्रिटिश गाड्यांचे राज्य होते. मग बार्सिलोनाच्या बुल्टाको कंपनीने उत्तर आयर्लंडच्या सॅमी मिलर या स्वाराला हाताशी धरून ‘शेर्पा टी’ नावाची हलकी गाडी बनवली, आणि १९६५ मध्ये मिलरने त्याच गाडीवर स्कॉटलंडची ती स्पर्धा जिंकली. खेळाचे माहेर एका झटक्यात कॅटलोनियात आले. बुल्टाको, मोंटेसा, ओसा अशा तीन-तीन कंपन्या त्याच एका शहराच्या आसऱ्याने वाढल्या.

पेरे पी हा मोंटेसाचा स्वार. ओत या आपल्या लहान मुलाला तोल सांभाळणे शिकवायचे, तर इंजिनची गाडी कशाला, असा विचार करून त्याने साध्या छोट्या सायकलीलाच ट्रायलचे रूप दिले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट. स्पॅनिशमध्ये ‘सिन’ म्हणजे ‘शिवाय’. इंजिनाशिवायची ट्रायल म्हणून खेळाला ‘ट्रायलसिन’ हे नाव पडले. पुढे पेरे पीने ‘मोंटी’ ही स्वतःची सायकल कंपनी काढली आणि ओत मोठा होऊन जगज्जेता झाला. बापाने मुलासाठी केलेल्या खेळण्यातून जागतिक खेळ उभा राहण्याची उदाहरणे फार नाहीत.

स्टेमच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी, की ही सायकल मुलांच्या २० इंची चाकावर उभी राहिली आणि त्या चाकाबरोबर बीएमएक्सच्या सुट्या भागांशी तिचे नाते जुळले. दुसरीकडे कॅलिफोर्नियात माउंटन बाइक जन्मली होती. १९८७ मध्ये हान्स राय हा स्वार युरोपातून तिकडे गेला आणि ट्रायलच्या करामती २६ इंची चाकावर लोकप्रिय झाल्या. त्या शाखेने माउंटन बाइकचे भाग घेतले. एकाच खेळाच्या दोन सायकली, दोन वेगळ्या घराण्यांतून सामान उचलणाऱ्या. आज कोणी जुनी ट्रायल सायकल विकत घेतो तेव्हा तिच्या चिमट्यात कोणत्या घराण्याचे माप आहे हे नुसते बघून सांगता येत नाही.

आता मापे. जुन्या पद्धतीचा स्टेम चिमट्याच्या नळीच्या आत शिरत असे. खाली एक तिरपी कापलेली पाचर, वरून लांब बोल्ट. बोल्ट आवळला की पाचर सरकते आणि स्टेम आतून नळीला घट्ट धरतो. नळीचा बाहेरचा व्यास एक इंच, आत जाणाऱ्या स्टेमचा सात अष्टमांश इंच, म्हणजे २२.२ मिमी. हे ब्रिटिश माप. फ्रेंचांना इंच मान्य असण्याचे कारणच नव्हते. मीटर त्यांच्या क्रांतीचे अपत्य. त्यांनी नळी २५ मिमीची केली आणि स्टेम २२.०. फरक किती, तर ०.२ मिमी. पोस्टकार्डाच्या जाडीएवढा. पण तेवढ्याने ब्रिटिश स्टेम फ्रेंच नळीत जात नाही. मग लोक पॉलिश पेपरने स्टेम घासत बसत, आणि घासता घासता जरा जास्त घासला गेला की तो नळीत डुगडुगत असे.

आट्यांची तऱ्हा याहून गमतीची. ब्रिटिश नळीवर एका इंचात २४ आटे, फ्रेंच नळीवर दर मिलिमीटरला एक. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने तर इंचात २६ आटे ठेवले होते, म्हणजे ब्रिटनच्या आतही दोन घरे. इटालियनांनी व्यास आणि आटे ब्रिटिशांचेच घेतले, पण आट्याचा कोन ठेवला ५५ अंश. ब्रिटिश सायकलीचा मात्र ६०. हा ५५ अंशांचा कोन खुद्द इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचवलेला. म्हणजे इंग्रजांनी सायकलीत जो कोन सोडला तो इटालियनांनी जपून ठेवला. अमेरिकेतल्या स्वस्त सायकली आणि सुरुवातीच्या बीएमएक्स यांची कथा आणखी वेगळी : नळी बाहेरून एक इंचाचीच, पण आतून अरुंद, म्हणून स्टेम २१.१ मिमीचा.

या भांडणाचा निकाल बाजाराने लावला. १९७० च्या दशकात अमेरिकेत सायकलींना प्रचंड मागणी आली. जपानी कारखाने त्या मागणीत उतरले आणि त्यांनी स्टेमच्या नळीसाठी इंचाचेच माप उचलले. जपान स्वतः मेट्रिक देश, तरीही. गिऱ्हाईक ज्या मापात मागेल त्या मापात माल. १९८० च्या दशकात फ्रेंच माप जवळपास मावळले. शास्त्रशुद्ध मोजमाप हरले आणि कोणा राजाच्या अंगठ्याचे मानले जाणारे माप टिकले, याचे एक शिक्षक म्हणून मला थोडे वाईट वाटते.

मग आला खरा बदल. जॉन रेडर या अमेरिकनाला बिनआट्याच्या हेडसेटचे पेटंट १९९२ मध्ये मिळाले आणि डाया-कॉम्प कंपनीने ‘अहेडसेट’ या नावाने तो बाजारात आणला. आता स्टेम नळीच्या आत जात नाही, बाहेरून तिला मिठी मारतो. नळीवर आटे नाहीत, पाचर नाही. मिठीचे बोल्ट बाजूला असतात आणि पकड त्यांचीच. वरच्या झाकणाचा बोल्ट फक्त छर्‍यांवरचा ढिलेपणा काढतो. तो आवळून स्टेम घट्ट होतो असे समजणारे पुष्कळ आहेत, आणि ट्रायलमध्ये हा गैरसमज महागात पडतो. त्याच सुमारास माउंटन बाइकची नळी एक इंचावरून एक अष्टमांशाने जाड झाली : २८.६ मिमी.

ट्रायलवाल्यांना ही व्यवस्था मानवली, कारण बाहेरून धरणारा स्टेम कितीतरी दणकट. पण एक गोष्ट हातची गेली. जुना स्टेम हवा तसा वर-खाली करता येई. नव्याची उंची नळी जिथे कापली तिथेच संपते. खाली वायसर घालता येतात, नळी वाढवता येत नाही. ट्रायलमध्ये तर हात पुढे आणि उंच हवेत. म्हणून स्टेमच लांब आणि वर झुकलेला बनू लागला. समजा १५० मिमी लांबीचा स्टेम ३५ अंशांनी वर उठलेला आहे. नळीच्या काटकोनात तो हँडलला सुमारे १२३ मिमी पुढे नेतो आणि नळीच्या दिशेने ८६ मिमी वर. याच लांबीचा, पण १० अंशांचा स्टेम लावला तर हँडल १४८ मिमी पुढे जाईल आणि जेमतेम २६ वर. दोन्ही त्या नळीवर बसतील. पण दुसऱ्यावर स्वार पुढे ओणवा होईल आणि मागचे चाक उचलायच्या जागी पुढचे चाक खेचत राहील. ‘बसतो’ आणि ‘चालतो’ यांतला हा फरक कोणत्याही कोष्टकात नसतो.

आता त्या किल्लीविषयी. आपल्याकडे १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला, टप्प्याटप्प्याने मेट्रिक आले, आम्ही शाळेत सेंटीमीटरच शिकलो आणि शिकवतो. पण बांधकामावर सळई आजही ‘तीन सुती’, ‘चार सुती’ म्हणूनच मागतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. धाग्यासाठीचा हाच शब्द उर्दूत आणि मराठीत मापालाही लागला. आता स्टेमचे आकडे सुतात मांडा. २२.२ म्हणजे सात सूत. २५.४ म्हणजे आठ सूत, पुरा इंच. २८.६ म्हणजे नऊ. ३१.८ म्हणजे दहा. ते वेडेवाकडे दशांश एका ओळीत येऊन उभे राहतात. कारखान्यांनी इंच सोडलेच नव्हते. फक्त त्यावर मिलिमीटरची लेबले चिकटवली. आणि १९५९ मध्ये इंच नेमका २५.४ मिमी ठरल्याने लेबले चपखल बसली.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मध्यंतरी वापरलेली २० इंची ट्रायल सायकल घेतली. त्याचा फोन आला, “सर, ३१.८ चा स्टेम मागवला, तरी बसत नाही.” मी विचारले, कुठे बसत नाही? खाली की पुढे? स्टेमला दोन भोके असतात. खालचे नळीसाठी, पुढचे हँडलसाठी. जाहिरातीत लिहिलेला आकडा बहुतेक वेळा पुढच्या भोकाचा असतो. त्याची नळी नऊ सूत होती, स्टेमचे खालचे भोकही नऊ सूत, ते बरोबर होते. हँडल मात्र जुन्या पद्धतीचे, मध्यभागी आठ सूत. दहा सुताच्या भोकात आठ सुताचे हँडल. गल्लीतल्या उस्तादाने त्याला डब्याचा पत्रा कापून गुंडाळायला सांगितले होते.

उस्तादाचे चुकले असे मी म्हणणार नाही. आपल्या दुधवाल्याच्या काळ्या सायकलीत दांडीच्या ब्रेकमुळे हँडल आणि स्टेम एकत्रच जोडलेले असतात, त्यामुळे ही अडचण तिथे उद्भवतच नाही. इतर साध्या सायकलीला पत्र्याची पट्टी वर्षानुवर्षे चालते. पण ट्रायलमध्ये स्वार हँडलला संपूर्ण वजनानिशी झटके देतो; पत्रा दबतो, हँडल फिरते. मापाने बनवलेली अॅल्युमिनियमची बाही मिळते, पण ट्रायलसाठी तीही मी टाळायला सांगेन. हँडल आणि स्टेम एकाच मापाचे घ्यावेत, हे त्याला सांगितले आणि त्याने दहा सुताचे हँडल घेतले. मुठी जुन्याच चालल्या, कारण हँडलची टोके तेव्हाही सात सूत आणि आताही सात सूतच.

आठ सुतांच्या आसपास आणखी एक सापळा आहे. इटलीची रोड सायकलीची हँडले २६.० मिमीची, सिनेलीची तर २६.४. २५.४ च्या क्लॅम्पमध्ये ती जोर लावून घालता येतात, आणि मग क्लॅम्पला न दिसणारी चीर जाते. बाहेरून सगळे ठीक. तुटते ते पुढे कधीतरी, नेमके उडी मारताना. म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. व्हर्नियर कॅलिपर लावावा. नववीच्या प्रयोगशाळेत धूळ खात पडलेला तो व्हर्नियर इथे कामाचा.

२००९ मध्ये डॅनी मॅकॅस्किल या स्कॉटिश तरुणाने एडिनबराच्या रस्त्यांवर, कुंपणांवर, छपरांवर ट्रायलच्या करामती करून दाखवल्या आणि ती चित्रफीत जगभर गेली. त्यानंतर २४ इंची चाकाची, चक्क सीट असलेली ‘स्ट्रीट ट्रायल’ सायकल रुजली. तिचा स्टेम आखूड असतो. म्हणजे ‘ट्रायलचा स्टेम’ एवढेच सांगून मागवले तर आता तेही पुरत नाही.

अलीकडे हँडलसाठी ३५ मिमीचा क्लॅम्प आला आहे. अकरा सूत म्हणजे ३४.९, इथे मात्र कारखान्यांनी सूत सोडून पुरा आकडा धरला. आणि नव्या माउंटन बाइकच्या चिमट्यांची नळी खाली जाड, वर बारीक असते : खाली बारा सूत, वर तेच नऊ. स्टेमसाठी वरचे माप घ्यायचे, नळी कापलेली असेल तर उरलेली उंचीही मोजायची, आणि स्टेमच्या वरच्या कडेपेक्षा नळी दोन-तीन मिमी खालीच राहील एवढे पाहायचे, नाहीतर झाकण नळीवरच टेकते आणि छरे ढिले राहतात.